नवरा-नवरीचा पहिला नाच

स्वागत समारंभात नवरा-नवरीने पाहुण्यांसमोर जोडीने नाचणे ही देशावरच्या मराठी लग्नात अलीकडे आलेली गोष्ट आहे. वाई, सातारा, कराड, सांगली या पट्ट्यातल्या लॉन्सवर आणि मंगल कार्यालयांत ‘कपल डान्स’ हा शब्द आता मांडववाल्याच्या आणि केटररच्याही तोंडी सहज येतो. कार्यक्रम दोन-अडीच मिनिटांचा असतो. पण त्यासाठी गाणे, जागा, कपडे, आवाज, वेळ आणि दोन्हीकडची माणसे एवढे सगळे जुळावे लागते. यातले काहीही आयत्या वेळी जुळत नाही, म्हणून जेवणाचा बेत ठरतो त्याच बैठकीत या नाचाचाही विचार झालेला बरा.

मराठी लग्नात नाच नव्हता असे नाही. वरातीपुढे हलगी-घुमकं, बँड किंवा बेंजो पार्टी असायची आणि नवरदेवाचे मित्र घामाघूम होईपर्यंत नाचायचे. हळदीच्या रात्री बायका फेर धरायच्या. लग्नानंतरच्या श्रावणात मंगळागौरीला नवी सून झिम्मा, फुगडी, पिंगा खेळायची. पण या साऱ्यात वधू-वरांची जोडी म्हणून नाचण्याची जागा कुठेच नव्हती. नवरा घोड्यावर किंवा गाडीत बसलेला, नवरी मुंडावळ्या सांभाळत खाली मान घातलेली, आणि नाचायचे ते इतरांनी. गावाकडच्या जुन्या लग्नांत ‘झेंडा नाचवणे’ नावाची एक रीत होती. वाजंत्री वाजू लागली की नात्यातले दणकट पुरुष वधू-वरांना खांद्यावर किंवा कडेवर घेऊन नाचत. वधू-वर वयाने लहान असत तेव्हाचा हा प्रकार. तिथेही पावले दुसऱ्यांची आणि जोडी उचललेली.

जोडीने काही करून दाखवायचे, सगळ्यांनी भोवती जमून हसायचे, चिडवायचे, ही जागा मात्र आपल्या लग्नात पूर्वीपासून आहे. हळदीच्या पाण्यात अंगठी शोधणे, एकमेकांच्या मुठीतली सुपारी सोडवणे, विड्याचा तुकडा दातांनी तोडणे, उखाणा घेणे हे सगळे त्या जागेचे खेळ. नव्या जोडीचा संकोच मोडावा आणि दोन घरांना एकत्र हसता यावे म्हणून ते खेळले जातात. जोडीचा नाच मराठी लग्नात रुजायचा असेल तर तो याच खेळांच्या रांगेत बसतो. तो छोटा असावा, खेळकर असावा आणि घरच्यांच्या मधोमध व्हावा. एवढे धरून चालले की पुढचे बरेच निर्णय सोपे होतात.

नाचाचे आजचे रूप युरोपातून आले. तिथल्या दरबारी मेजवान्यांत नृत्याची सुरुवात सर्वांत मानाच्या जोडीने करायची, मग इतरांनी मैदानात उतरायचे, असा शिरस्ता होता. लग्नात त्या दिवसाचा मान नवरा-नवरीचा, म्हणून पहिला नाच त्यांचा. वॉल्ट्झ हा तीन मात्रांचा, जोडीने गिरक्या घेत करायचा नाच ऑस्ट्रिया आणि दक्षिण जर्मनीत अठराव्या शतकात रूढ झाला आणि १८१४-१५ च्या व्हिएन्ना परिषदेच्या काळात युरोपभर पसरला. त्याआधीच्या दरबारी नाचांत स्त्री-पुरुष बोटे धरून अंतर राखून चालत. वॉल्ट्झमध्ये हात कमरेवर आला आणि मोठा गहजब झाला. १८१६ मध्ये लंडनच्या ‘द टाइम्स’ने हा नाच असभ्य ठरवून मुलींच्या आईबापांना सावध केले होते. वाईतल्या एखाद्या आजोबांना नातवाचा कपल डान्स रुचला नाही, तर त्यांची हरकत लंडनलाही ओळखीची होती.

गोव्यातल्या ख्रिस्ती लग्नात हा नाच पिढ्यान्‌पिढ्या मुरलेला आहे. चर्चमधला विधी आटोपल्यावर संध्याकाळी हॉलमध्ये जोडप्याचे आगमन होते, केक कापला जातो, टोस्ट म्हणजे शुभेच्छांचे भाषण होते, आणि बँडच्या सुरावर नवरा-नवरी पहिला वॉल्ट्झ नाचतात. थोड्या वेळाने करवले-करवल्या, आईवडील आणि मग सारा हॉल त्यात सामील होतो. तिथल्या मुलांची पावले लहानपणापासून लग्नांत फिरून तयार झालेली असतात, त्यामुळे वेगळी शिकवणी लागत नाही. घुमट आणि व्हायोलिनच्या साथीने म्हटला जाणारा मांडो हाही तिथला समोरासमोरच्या दोन रांगांचा, संथ चालीचा नाच आहे. गोव्याची गोष्ट सहज होते, वाईची बसवावी लागते, कारण इथल्या जोडप्याने याआधी कुणालाही असे नाचताना घरात पाहिलेले नसते.

देशावर हा नाच आधी पडद्यावरून उतरला. ‘हम आपके हैं कौन’ (१९९४) आणि त्याच्या पाठोपाठच्या हिंदी चित्रपटांनी उत्तरेकडची ‘संगीत’ची रात्र मराठी घरांत आणली. मग मुले-मुली नोकरीसाठी पुण्या-मुंबईला गेली आणि मित्रांच्या लग्नांतून नवे नवे प्रकार घेऊन आली. वाईच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. कृष्णेचे घाट, ढोल्या गणपतीचे मंदिर, मेणवलीचा नाना फडणवीसांचा वाडा आणि त्याचा घाट यांमुळे हे गाव चित्रीकरणासाठी प्रसिद्ध आहे. ‘स्वदेस’ (२००४) इथेच चित्रित झाला. चित्रपटातले दृश्य आपल्या दारात घडू शकते ही सवय गावाला जुनी आहे, आणि लग्नाआधीच्या व्हिडिओसाठी जोडपी मेणवलीच्या पायऱ्यांवर येतात तेव्हा तिथे कुणी दचकत नाही.

आखणीत सर्वांत कठीण प्रश्न वेळेचा. साताऱ्याकडच्या लग्नाची संध्याकाळ भरगच्च असते. मुहूर्त दुपारचा असेल तर नवरा-नवरी पहाटेपासून उभी असतात. गोरज मुहूर्त असेल तर अक्षता पडल्या की अर्धा मांडव जेवणाकडे वळतो. मग माइकवरून मान्यवरांचे स्वागत, फेटे, नारळ, आशीर्वादाची भाषणे. आणि त्यानंतर मंचासमोर आहेर देऊन फोटो काढणाऱ्यांची ती न संपणारी रांग. जावळी, खंडाळा, कोरेगाव, भोरकडून आलेल्या वयस्कर पाहुण्याला फोटो काढून, जेवून रात्रीच गावी परतायचे असते. एकदा ही रांग सुरू झाली की ती नाचासाठी थांबवणे म्हणजे त्या माणसाचा खोळंबा. म्हणून नाचाची योग्य जागा रांगेच्या आधी, म्हणजे जोडपे कपडे बदलून मांडवात येते त्या प्रवेशाच्या वेळी. सगळ्यांचे लक्ष तेव्हा आपोआप त्यांच्याकडे असते, फेटे-नारळ व्हायचे असतात आणि अजून कुणी ताटकळलेले नसते. ‘रांग संपली की नाचू’ असे ठरवलेले नाच बहुधा होतच नाहीत, आणि झाले तर रात्री दहाच्या सुमारास, रिकाम्या खुर्च्यांसमोर, थकलेल्या पायांनी.

दुसरी चांगली जागा आदल्या संध्याकाळची. हळद किंवा संगीत घरच्याच माणसांत असते, दिवसभराचा शीण नसतो आणि चुकलेले पाऊल कुणी मनावर घेत नाही. ज्या घरात थोरल्यांचा मोठ्या समारंभातल्या नाचाला मनापासून विरोध आहे, तिथे हा तोडगा दोन्ही बाजूंना मान देणारा ठरतो. नाच हौसेचा भाग आहे. त्यापायी लग्नघरात अबोला धरला जाऊ नये, आणि म्हणूनच सासू-सासऱ्यांना तो मंचावर पहिल्यांदा दिसण्याऐवजी आधी घरच्या तालमीत दिसलेला चांगला.

गाणे निवडताना शब्दांकडे सगळ्यांचे लक्ष जाते, तालाकडे फार थोड्यांचे. खरी अडचण तालात असते. मराठी भावगीते आणि चित्रपटगीते मोठ्या प्रमाणात दादरा आणि केरवा या दोन तालांत बांधलेली आहेत. दादरा सहा मात्रांचा, तीन-तीनच्या दोन खंडांचा. वॉल्ट्झची पावले तीन-तीनच्या गटात पडतात, त्यामुळे दादऱ्यातल्या संथ गाण्यावर ती जशीच्या तशी बसतात: पहिल्या मात्रेला पाऊल पुढे, दुसऱ्या मात्रेला दुसरे पाऊल बाजूला, तिसऱ्या मात्रेला पाय जवळ. केरवा आठ मात्रांचा, चार-चारचा. नृत्य बसवणारे ‘फाइव्ह, सिक्स, सेव्हन, एट’ म्हणत आठाच्या गटांत मोजतात ते याच तालाला सोयीचे असते, आणि नवख्या पायांना तो सर्वांत सोपा. सात मात्रांच्या रूपकातले गाणे कितीही आवडते असले तरी नाचासाठी बाजूला ठेवावे. तीन, दोन, दोन असे त्याचे खंड नवख्याला हटकून चकवतात.

लयीचा हिशेब घरबसल्या करता येतो. गाणे लावून एका मिनिटात टाळ्या किती पडतात ते मोजावे. मिनिटाला शंभर टाळ्या पडत असतील तर दोन मिनिटांच्या तुकड्यात दोनशे मात्रा, म्हणजे आठाचे पंचवीस गट. एकेक हालचाल दोन-दोनदा केली तरी बारा-तेरा हालचाली पुरतात, आणि एवढ्या कुणालाही पाठ होतात. पूर्ण गाणे चार-पाच मिनिटांचे असते, तेवढे ताणण्याचे कारण नाही. एक ध्रुवपद, एक अंतरा, पुन्हा ध्रुवपद आणि स्वच्छ शेवट, एवढे कापून घ्यावे. स्पर्धांतला संथ वॉल्ट्झ मिनिटाला ८४ ते ९० मात्रांचा असतो. साडी आणि शेरवानीतल्या जोडप्याला हीच गती किंवा याहून थोडी कमी झेपते. ‘सैराट’ (२०१६) मधल्या ‘झिंगाट’सारखी गाणी वरातीसाठी. ती सगळ्यांना एकदम उठवतात आणि दोघांचा नाच पहिल्या ओळीतच गर्दीत हरवतो.

हालचाली कुठून घ्यायच्या, हा खरा रसाचा भाग. व्हिडिओत पाहिलेली उचल, कमरेतून मागे वाकणे, गुडघ्यावर बसून हात मागणे हे सगळे आता इतक्या लग्नांत होते की एकाची चित्रफीत दुसऱ्याला लावली तरी चालेल. वाईकरांना त्याहून जवळचे काही उपलब्ध आहे. शाहीर साबळे यांचा जन्म १९२३ मध्ये वाईजवळच्या पसरणीत झाला. त्यांच्या ‘महाराष्ट्राची लोकधारा’ या कार्यक्रमाने कोळीनृत्य, लेझीम, गोंधळ, वाघ्या-मुरळी असे अंगणातले आणि यात्रेतले प्रकार शहरी रंगमंचावर मोजक्या वेळात बांधून दाखवले. लांबलचक लोकप्रकारातले नेमके काय उचलायचे आणि किती मिनिटांत संपवायचे याचा वस्तुपाठ या तालुक्याच्याच माणसाने घालून दिला आहे. लेझमीची चार पावले, कोळीनृत्यातली वल्हवण्याची लय, धनगरी गजातला समोरासमोरचा झोक यांतले एखादे मध्ये घातले की नाचाला गावाचा चेहरा येतो.

आणि फुगडी. दोन माणसांनी मिळून करायचा याहून नेमका नाच मराठीत दुसरा नाही. हात तिढा घालून घट्ट धरायचे, पावले एकमेकांच्या पावलांशी भिडवायची, अंग मागे झोकायचे आणि फिरायचे. दोघांपैकी एकाने जरी सैल सोडले तरी दोघेही पडतात, त्यामुळे समोरच्याच्या भारावर विश्वास टाकावाच लागतो. बायकांच्या खेळातली फुगडी नवरा-नवरीने चार फेऱ्या घातली तर मांडवातल्या आत्या-मावश्यांना काय करायचे ते सांगावे लागत नाही, त्या उठतात. अट एकच: जमीन टणक आणि कोरडी हवी, आणि गळ्यातले हार आधी काढून ठेवलेले असावेत.

सरावाला तीन आठवडे पुरतात, पण ते सलग मिळत नाहीत. मुलगा हिंजवडीत, मुलगी साताऱ्यात, आणि भेट शनिवार-रविवारी. मधल्या दिवसांत दोघे फोनवरचा व्हिडिओ पाहून वेगवेगळे शिकतात आणि इथे एक हमखास घोळ होतो. समोरच्या कॅमेऱ्याने घेतलेले चित्र आरशासारखे उलटे असू शकते. एकजण उजवा पाय पुढे टाकायला शिकतो, दुसराही उजवाच, आणि भेटल्यावर गुडघे आपटतात. शिकवणाऱ्याला पाठमोरे उभे राहून एक चित्रफीत करायला सांगितले की हा प्रश्न सुटतो. निदान दोन तालमी एकत्र, आणि त्यातली शेवटची लग्नातल्या चपला-बुटांसह व्हावी. पायांतल्या नव्या सँडलची टाच हा नाचातला सर्वांत मोठा शत्रू आहे.

कपड्यांत नऊवारीला तोड नाही. काष्ट्यामुळे दोन्ही पाय मोकळे राहतात, लावणी आणि लेझीम त्याच नेसणीत रंगतात. सहावारी शालूत मोठे पाऊल पडत नाही, निऱ्या पायात येतात. तेव्हा पावले छोटी ठेवून हातांच्या हालचाली वाढवाव्यात. घागऱ्याचा घेर गिरकीला शोभतो, पण मागे लोळणारा भाग जोडीदाराच्या बुटाखाली जातो. मुंडावळ्या घालून नाचू नये, त्या डोळ्यांवर येतात.

जागा किमान दहा फूट लांब आणि तेवढीच रुंद, पूर्ण मोकळी हवी. मंचावर सोफा, फुलांच्या कमानी आणि दिव्यांचे खांब असल्याने एवढी जागा क्वचित मिळते, म्हणून मंचाखालची मोकळी चौकट बरी. तिथे नाचले तर मागच्या पाहुण्यांना दिसावे यासाठी वीतभर उंचीचा लाकडी चौथरा मांडववाल्याकडून बांधून घेता येतो. गालिच्याची सैल घडी आणि जमिनीवरून गेलेली वायर या दोन गोष्टी नाचाआधी कुणीतरी प्रत्यक्ष चालून तपासाव्यात. लग्नसराईचा भर चैत्र-वैशाखात असतो आणि त्याच दिवसांत वाईकडे वळवाचा पाऊस दुपारनंतर कोसळतो. लॉनवरचा नाच ठरवताना कार्यालयाच्या आतली पर्यायी जागाही पाहून ठेवावी लागते.

अलीकडे ‘ढगांवरचा नाच’ फार मागितला जातो. तो धूर कोरड्या बर्फाचा, म्हणजे गोठवलेल्या कार्बन डायऑक्साइडचा असतो. या बर्फाचे तापमान उणे ७८ अंश सेल्सिअसच्या आसपास असते, उघड्या हाताने तो धरला तर कातडी भाजल्यासारखी जखम होते. गरम पाण्यात टाकल्यावर त्यातून येणारा वायू हवेपेक्षा जड असल्यामुळे जमिनीलगत पसरतो, आणि त्याच्यासोबतचे पाण्याचे बारीक थेंब ढगासारखे दिसतात. मोकळ्या लॉनवर धोका कमी. बंद हॉलमध्ये मात्र खिडक्या-पंखे चालू हवेत आणि लहान मुलांना त्या धुरात बसू देऊ नये, कारण जड वायू त्यांच्याच उंचीवर साचतो. दोन्ही बाजूंनी उडणाऱ्या ठिणग्यांच्या कारंज्यांपासून रेशमी पदर, जाळीची ओढणी आणि मांडवाचे कापड दूर राहील एवढे अंतर ठेवायलाच हवे.

आवाजाचे गणित साताऱ्या-सांगलीकडे नाजूक आहे. इथे मोठ्या ध्वनियंत्रणेला सरसकट ‘डॉल्बी’ म्हणतात आणि तिच्यावरून गावोगाव वाद झाले आहेत. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत उघड्यावर ध्वनिवर्धक वाजवता येत नाही. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, आणि रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवतीचा शंभर मीटरपर्यंतचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर होऊ शकतो. एरवीही ध्वनिवर्धकाला परवानगी लागते, ती कार्यालयाने घेतली आहे की यजमानांनी घ्यायची हे आधी विचारावे. जोडीच्या नाचाला छाती हादरवणारा आवाज लागतही नाही. शब्द ऐकू आले आणि ठेका पायांना कळला की काम झाले. गाणे मोबाइलच्या नेटवर्कवरून न लावता पेन ड्राइव्हवर कापून, दोन प्रतींत, डीजेकडे एक आणि करवलीच्या पर्समध्ये एक असे ठेवावे. जनरेटर चालू व्हायला काही क्षण लागतात, तेवढ्यात वीज गेली तर पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे की थेट टाळ्या घ्यायच्या हेही दोघांनी ठरवलेले असावे.

गाण्याच्या हक्कांबद्दल कार्यालयांत अधूनमधून पैसे मागितले जातात आणि वधूपिता गोंधळतो. कॉपीराइट कायदा, १९५७ मधल्या कलम ५२ ने धार्मिक समारंभातल्या संगीताला सूट दिली आहे आणि लग्नाची वरात व लग्नाशी निगडित इतर सामाजिक सोहळे त्यात स्पष्टपणे धरले आहेत. केंद्राच्या उद्योग व अंतर्गत व्यापार संवर्धन विभागाने जुलै २०२३ मध्ये जाहीर सूचना काढून याची आठवणही करून दिली होती. मात्र ही सूट समारंभात गाणे वाजवण्यापुरती आहे. नाचाची चित्रफीत मूळ गाण्यासह यूट्यूबवर टाकली तर तिथे हक्कधारकाचा दावा लागू शकतो, आवाज बंद केला जाऊ शकतो. व्हिडिओग्राफरकडून घरासाठी एक प्रत मूळ आवाजासह आणि बाहेर टाकण्यासाठी दुसरी वेगळ्या, परवानगीच्या संगीतासह मागून घेणे हा त्यावरचा साधा उपाय आहे.